काजवालीची डबी

कागदावर तिचं बरंसं नाव आहे, पण त्या नावानं हाक मारली तर तीच मागं वळून बघेल, कुणाला बोलावताहेत म्हणून. गाव तिला काजवाली म्हणतं. काज म्हणजे बटण अडकवायचं भोक. हे नाव तिला सासूनं दिलं आणि ते काही कौतुकानं दिलं नाही. चार महिने रोज जीपमध्ये कोंबून घेऊन शिवणाच्या प्रशिक्षणाला गेलेली सून शेवटच्या दिवशी रंगीत सर्टिफिकेट घेऊन घरी आली, तेव्हा सासूनं विचारलं, "काय काय शिकलीस?"

"काज."

"आणि?"

"आणि काही नाही. काजच."

सासूनं तंबाखूची चिमूट ओठाआड सरकवली, सर्टिफिकेट उलटंसुलटं करून बघितलं आणि परत दिलं. "चार महिने गेलीस ती भोकं पाडायला शिकायला? अगं, आपल्या घरातले उंदीर न शिकता पाडतात. त्यांना द्यायचं होतं हे."

शेजारच्या भिंतीला कान असतातच. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या नळावर तिला नवं नाव मिळालेलं होतं.

आता एखादी बाई चार महिने शिवण शिकते आणि तिला फक्त काज येतं, हे कसं, तर त्यासाठी टाळीसाहेब माहीत असायला हवेत. हे प्रकल्पाचे साहेब. कडक इस्त्री, दोन मोबाइल, खिशाला तीन पेनं, त्यातलं एकही न चालणारं. ग्रामीण महिलांची गरिबी हटवायची जबाबदारी कुणीतरी वरून यांच्या अंगावर टाकलेली, आणि ती त्यांनी टाळ्यांनी हटवायचं ठरवलेलं. दर दोन वाक्यांनंतर म्हणायचे, "याच्यासाठी एक टाळी होऊन जाऊ दे!" बायका आल्या, टाळी. बायका बसल्या, टाळी. पंखा सुरू झाला, टाळी. एकदा एका बाईला भोवळ आली, तिला पाणी पाजून उठवलं, तर तिच्या हिमतीसाठी टाळी. हात खडीच्या पाट्या उचलून सोललेले, त्यांनी टाळ्या वाजवायच्या. वाजवल्या.

प्रशिक्षण होतं बंद पडलेल्या गिरणीच्या पत्र्याच्या शेडमध्ये. भिंतींना अजून पिठाचा वास होता आणि कोपऱ्यात पाली होत्या. शहरातल्या एका कपड्याच्या कारखान्याला बायका हव्या होत्या. कारखान्यात एक बाई जन्मभर एकच काम करते, कुणी कॉलर, कुणी बाही, कुणी खिसा. म्हणून शेडमध्ये चार रांगा केल्या आणि एका रांगेला एकच काम दिलं. बायका रांगेत बसायच्या त्या जशा जीपमधून उतरतील तशा. पहिल्या जीपचं गाव पहिल्या रांगेत, दुसरीचं दुसऱ्या. कुणी कुठं बसावं याचा यापलीकडे विचार झाला नाही, कारण विचाराला टाळी मिळत नाही. परिणाम असा, की टेकडीपलीकडचं अख्खं गाव कॉलरचं झालं, नदीकाठचं बाहीचं, तिसरं खिशाचं. आमची जीप रोज पंक्चर होऊन शेवटी पोचायची, म्हणून आमच्या अकरा बायकांच्या वाट्याला शेवटची रांग आणि काज. चारही गावच्या बायका एकत्र बोलावल्या असत्या तर सगळ्यांचा मिळून एक शर्ट झाला असता, आणि तोही कुणी आयता कापून दिला तर.

तिसऱ्या महिन्यात कारखान्यानं गाशा गुंडाळला आणि जिथं हात आणखी स्वस्त मिळतात तिकडे गेला. शहाण्या माणसानं इथं शेड बंद केली असती. पण प्रकल्प एकदा चालू झाला की त्याला थांबता येत नाही, उतारावरच्या ढकलगाडीसारखा. साहेबांनी फलकावरचं "रोजगार" खोडून "स्वयंरोजगार" लिहिलं. मास्तरीण कारखान्याचीच, ती पोरगी घड्याळ हातात धरून शिकवायची, एका भोकाला सात सेकंद. तिनं एकदा विचारलं, "साहेब, यांना पूर्ण कपडा शिकवायचा का आता?"

"अभ्यासक्रमात नाही," साहेब म्हणाले. आणि याच्यासाठीसुद्धा टाळी झाली असती, पण तेवढ्यात त्यांचा फोन आला.

शेवटच्या दिवशी चिठ्ठ्या टाकून आमच्या गावातल्या सहाजणींना शिलाई मशीन दिली. शिकल्या होत्या त्या कपाटाएवढ्या, विजेवरच्या, फक्त काज पाडणाऱ्या मशीनवर. घरी आलं ते साधं पायमशीन. सायकल शिकवावी आणि बैल बांधून द्यावा, तसली गत. अट अशी की सहा महिन्यांनी वरची मंडळी पाहणीला येणार. जिला कपडा शिवता येतो तिचं मशीन कायम. जिला येत नाही तिचं उचलून दुसऱ्या गरजूला.

काजवालीला हे मशीन जीव गेला तरी हवं होतं. का, ते तिच्या घरात पाच मिनिटं बसलं तरी कळायचं. दोन खोल्या, पुढच्या खोलीत खाट, खाटेवर सासू आणि सासूचा खोकला. सासूनं वीस वर्षं खडीयंत्रावर काढली होती. दगड भरडून खडी पाडायचं ते यंत्र गावाबाहेर आहे, तिथली धूळ पिठासारखी बारीक असते आणि छातीत जाऊन बसते ती घर करूनच. आता त्याच यंत्राच्या फिरत्या पट्ट्यापाशी सून उभी राहायची. नवरा शहरात होता, दोन वर्षांतून एकदा तोंड दाखवायचा आणि तेही उसनं आणल्यासारखं. गेल्या थंडीत काजवालीला पहिल्यांदा सकाळचा खोकला आला. सासू खाटेवरून ऐकत होती. मग म्हणाली, "माझाबी असाच सुरू झाला होता. सकाळचा."

म्हणून मशीन. छपराखाली बसून, धुळीबाहेर, दोन पायांनी चालवायचं काम.

पण शिवायचं काय? सरळ टाका ती स्वतःच शिकली, जुन्या वर्तमानपत्रावर, दोरा न ओवता. सुईच्या भोकांच्या ओळी सरळ येईपर्यंत रोज तासभर. खडीनं खरखरीत झालेल्या बोटांना दोरा अडकायचा, म्हणून बोटं दगडावर घासून गुळगुळीत केली. पुढं अडलं. शर्ट म्हणजे नेमके किती तुकडे आणि कुठला आधी जोडायचा, हे काही डोळ्यांनी बघून कळेना. बाजारातल्या टेलरमास्तरकडे गेली.

"मास्तर, शर्टाचं कटिंग दाखवाल का?"

मास्तरनं चष्म्यावरून बघितलं. "मी हे बापाकडून शिकलो. बापानं मला बारा वर्षं नुसतं बटण लावायला बसवलं. तुला एका दुपारी दाखवू?"

"बारा वर्षं नाही माझ्याकडे."

"मग काजं कर. भोकं तुझी, शर्ट माझे. बस त्या स्टुलावर."

ती बसली नाही. घरी येऊन सासूच्या खाटेखालच्या पेटीकडे बोट दाखवलं. पेटीत नवऱ्याचा एक चांगला शर्ट होता, घडी घातलेला. "आत्याबाई, तो शर्ट द्या. उसवून बघते कसा शिवलाय. परत जोडून देते."

सासू खाटेवर उठून बसली. "माझ्या लेकाचा शर्ट उसवणार? आणि तो आल्यावर काय घालील?"

"आल्यावर ना?"

"तोंड सांभाळ, काजवाले."

विषय तिथंच मिटला. सहा महिने असेच गेले. ती सोडून बाकी पाचजणींच्या घरी मशीन आपापल्या परीनं कामाला लागलं होतं. एकीकडे त्यावर टीव्ही होता, एकीकडे धान्याचा डबा. शेजारी राहणाऱ्या तिच्या धाकट्या जावेनं तर मशीनला प्लास्टिकचं कव्हर शिवून, म्हणजे बाजारातून शिवून आणून, घातलं होतं.

पाहणीच्या दोन दिवस आधी टाळीसाहेब जीप घेऊन आले. सहाजणींना चावडीत बोलावलं आणि पिशवीतून सहा नवेकोरे शर्ट काढले. टाचण्या, पुठ्ठे, गळ्यातली चिठ्ठी, सगळं तसंच.

"भगिनींनो, हे तुम्ही शिवलेत."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"टाचण्या काढा, लेबल कापा, परवा हातात धरून उभ्या राहा. मोठ्या बाई विचारतील, कुणी शिवला? म्हणायचं, मी. बास. पण डाग पाडू नका, चुरगाळू नका. दुकानदाराकडून बोलीवर आणलेत, पाहणी झाली की परत द्यायचेत. कळलं? मग याच्यासाठी..."

टाळी झाली. काजवालीची झाली नाही, तिचे दोन्ही हात शर्टावर होते. सहा महिने जी वस्तू मागत फिरत होती ती तिच्या हातात आयती आली होती, आणि आणून देणारा होता हा महाभाग.

घरी येऊन तिनं दार लोटलं, धारदार पातं घेतलं आणि शर्ट उसवायला बसली. सासू खाटेवरून बघत होती. "अगं, परत द्यायचाय ना तो?"

"देईन की. शिवून देईन."

एकेक टाका कापत गेली. आधी बाह्या निघाल्या, मग कॉलर, कॉलरच्या आत आणखी एक पट्टी होती, तिच्या आत कडक कापड. खांद्याला दुहेरी तुकडा. प्रत्येक तुकडा निघाला की वर्तमानपत्रावर ठेवून कोळशानं कड काढायची आणि कितवा निघाला तो आकडा टाकायचा. सासू म्हणाली, "मेंढरू सोलल्यासारखं दिसतंय." थोड्या वेळानं म्हणाली, "तो खिसा राहिला बघ." आणखी थोड्या वेळानं खाटेवरून उतरून जमिनीवर येऊन बसली आणि कागद उडू नयेत म्हणून त्यांवर पाय ठेवला.

सगळं मिळून वीस तुकडे झाले. मग शेवटच्या आकड्यापासून उलटं जोडत आली. दुसऱ्या दिवशी खडीवर खाडा केला. अडचण एकच. उसवलेल्या कापडावर जुन्या टाक्यांची भोकं राहतात. ती दिसू नयेत म्हणून प्रत्येक शिलाई केसभर आत घ्यावी लागली. त्यामुळे शर्ट सगळीकडून आवळला. डाव्या बाहीला मुंढ्यापाशी, म्हणजे बाही खांद्याला मिळते तिथं, चुण्या पडल्या. कॉलरचं एक टोक दुसऱ्यापेक्षा जरा जास्तच उत्सुक दिसत होतं. पण शर्ट झाला होता. दोन हात, एक गळा, आणि अख्ख्या चार गावांच्या प्रशिक्षणातून निघालेला पहिला शिवलेला कपडा.

पाहणीच्या दिवशी मोठ्या बाई आल्या. तोंडावर रुमाल, हातात वही, मागं छत्री धरणारा माणूस. सहाजणी ओळीत शर्ट धरून उभ्या. मशीनं त्यांच्या घरी होती, घरं गल्लीत होती, गल्लीत चिखल होता. त्यामुळे बसून चालवून दाखवा, असं काही त्या म्हणाल्या नाहीत. चावडीतल्या खुर्चीत बसून शिवणाची पाहणी झाली. उंटावरून शेळ्या हाकाव्यात, तर या बाईंनी छत्रीखालून हाकल्या.

"वा! कसली सुबक शिलाई!" जावेचा शर्ट बघून त्या म्हणाल्या. "किती वेळ लागला?"

जाऊ छताकडे बघून म्हणाली, "अर्धा तास."

"अर्ध्या तासात? कमाल आहे!"

टाळी.

मग काजवालीपाशी आल्या. शर्ट हातात घेतला, उलटा केला, बाहीच्या चुण्यांवर नखानं टिचकी मारली. "हा?"

"मी शिवला."

"किती वेळ?"

"दोन दिवस."

"हं." वहीत काहीतरी लिहिलं. "यांची गती कमी आहे. आणि फिनिशिंग नाही. बघा, शेजारच्या ताईंचा बघा जरा. शिकण्याची इच्छा असली की येतं सगळं."

काजवालीच्या जिभेवर एक चांगली जाडजूड शिवी आली होती. तिनं बाजूला बघितलं. जाऊ डोळ्यांनी नको नको म्हणत होती. तोंड उघडलं असतं तर पाचही मशीनं गेली असती. शिवी तिनं गिळली. अशा गोष्टी पोटात गेल्या की पचत नाहीत, पण ते नंतरचं नंतर.

खरा शर्ट एकच आणि नापासही तोच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. टाळीसाहेबांना मनातून बरंच वाटलं असणार, कारण सहापैकी सहा पास म्हटलं की वरच्यांना शंका येते. एक नापास असला की अहवाल खरा वाटतो. बाई गेल्यावर मात्र त्यांनी शर्ट नीट बघितला आणि त्यांचा चेहरा पडला.

"हे काय केलंत तुम्ही?"

"उसवला आणि शिवला."

"अहो, मी हा दुकानदाराला परत कसा देऊ?"

"सांगा की तुमच्या प्रकल्पातल्या बाईनं शिवलाय. टाळी वाजवेल."

संध्याकाळच्या आत मशीन न्यायला जीप दारात उभी. साहेब आणि ड्रायव्हर आत आले. काजवाली म्हणाली, "थांबा, पुसून देते." फडकं घेतलं, मशीन वरून पुसलं, चाक पुसलं. मग सुईखालची सरकती पट्टी बाजूला केली आणि आतली डबी काढून मुठीत धरली. ही अंगठ्याएवढी लोखंडी डबी. खालच्या दोऱ्याची रीळ हिच्यात बसते. ती नसली तर मशीन हवं तेवढं चालेल, सुई वरखाली नाचेल, पण टाका एक पडणार नाही. साहेब समोर उभे होते, बघत होते. चार महिने शिवणाचा प्रकल्प चालवला होता त्यांनी. त्यांना ती मुठीत काय घेतेय हे कळलं नाही.

जीप गेल्यावर सासूनं विचारलं, "काय घेतलंस ते?"

तिनं मूठ उघडून दाखवली. "ज्या बाईला हे मशीन देतील ती जर खरंच शिवायला बसली, तर दोन दिवसांत ओरडत येतील डबी कुठंय म्हणून. आले की देऊन टाकीन. आईशप्पथ देईन."

"आणि नाही आले तर?"

"तर बघू."

सासूनं मग खाटेखालची पेटी ओढली, लेकाचा शर्ट काढला आणि सुनेच्या अंगावर फेकला. "घे. उसव."

"आता नको, आत्याबाई. आता येतो मला."

"मग हा काय नुसता कसरीला खायला ठेवायचा?"

"तुम्ही घाला. थंडी वाजते ना पहाटे."

सासूनं घातला. छातीवर बटण लागेना आणि बाह्या बोटांच्या पुढं चार बोटं लोंबायला लागल्या. "पुरुषांच्या अंगाचं माप," सासू म्हणाली. "खडीवर वीस वर्षं मी त्याच्या बापाचा असाच घालायची. एकदा बाही पट्ट्यात गेली. हात थोडक्यात वाचला."

आणि इथं काजवालीच्या डोक्यात उजेड पडला, जो प्रकल्पाच्या एकाही टेबलावर कधी पडला नाही. खडीवर पन्नास बायका होत्या. प्रत्येक बाई धुळीपासून वाचायला अंगावर नवऱ्याचा फाटका शर्ट चढवायची. छातीवर उघडा, गळ्याशी मोकळा, बाह्या लांब. बायकांच्या अंगाचा, गळ्यापर्यंत बंद, मनगटाशी घट्ट शर्ट कुणी कधी शिवलाच नव्हता. साहेब त्यांना फ्रॉकला झालर लावायची स्वप्नं दाखवत होते.

ती कोळशानं काढलेले कागद घेऊन जावेकडे गेली. जाऊ दारातच रडायला लागली. "जाऊबाई, माझ्यामुळं..."

"रडू नको, टीव्ही भिजेल. मशीन तुझं, हात माझे. कव्हर काढ."

बायकांनी जुन्या चादरी आणून दिल्या. काजवालीनं छातीला माप वाढवलं, बाही आखूड केली, कॉलरची पट्टी उंच घेतली. काजं हातानं केली, आणि ती मात्र अशी देखणी, की चार महिने अगदीच वाया गेले असं म्हणता येईना. एकीनं घातला, दुसरीनं बघितला. वर्षात खडीवरच्या पस्तीस बायका तिच्या शर्टात दिसायला लागल्या. पण खडीवरून ती सुटली नाही. कारण दीर. त्याला दुपारी झोप लागते आणि मशीनची खडखड झाली की ती मोडते. इकडची काडी कधी तिकडे न केलेला माणूस, पण झोपेच्या बाबतीत फार कष्टाळू. त्यानं रोज दोनच तास दिले. दोन तास शिवण, उरलेला दिवस धूळ. सकाळचा खोकला आता रोजचा झाला होता.

वर्ष संपता संपता टाळीसाहेब पुन्हा उगवले. मोबाइल उंच धरलेला, पाठोपाठ ड्रायव्हर. "ताई, तुम्ही तर प्रकल्पाचं नाव काढलंत! पस्तीस शर्ट! वरून आदेश आलाय, यशस्वी महिलेची फिल्म करा. तुम्ही मशीनवर बसून शिवताना. कुठंय मशीन?"

"तुमच्याकडे."

साहेबांचा हात खाली आला. मग त्यांना आठवलं. "अरे हो. ते आपण टेकडीपलीकडच्या ताईंना दिलंय."

"मग आणा. बिनमशीनची कसली यशस्वी महिला?"

जावेचं मशीन हाकेवर होतं, पण काजवालीनं ते सांगितलं नाही. तासाभरात जीप परत आली. मशीन उतरवलं. लाकडी फळीवर घागरीचे गोल गोल डाग, चाकाला कोळ्याचं जाळं, आणि एका बाजूला कोंबडीनं आपलं सर्टिफिकेट देऊन ठेवलेलं. ड्रायव्हर नाक दाबून पुसायला लागला तसे साहेब म्हणाले, "जपून हं. फार चाललेलं मशीन आहे. त्या ताईंनी यावर वर्षात शंभर फ्रॉक शिवलेत. माझ्या अहवालात आहे."

"शंभर?" काजवाली म्हणाली.

"शंभर."

"बरं. लावा तुमचा फोन."

ती स्टुलावर बसली. मशीनमध्ये वरून दोरा ओवला, कापड ठेवलं, पाय चालवले. सुई नाचली. साहेब "वा, वा" म्हणत फोन जवळ आणायला लागले. तिनं कापड काढून त्यांच्यापुढं धरलं. कापडावर एक टाका नव्हता. नुसती भोकांची ओळ.

"हे काय? बिघडलंय का?"

खाटेवरून सासू म्हणाली, "भोकं पाडायलाच शिकवलंत ना? पडली की."

काजवालीनं गळ्यातल्या दोऱ्याला बांधलेली डबी सोडवली, दोरा भरलेली रीळ तिच्यात घातली आणि पट्टी सरकवून आत बसवली. कट् आवाज झाला. पुन्हा पाय चालवले. या वेळी टाका पडला, सरळ, एकसारखा, कापडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"ही डबी," ती म्हणाली. "तुम्ही मशीन नेलंत त्या दिवशी मी काढून घेतली. तुमच्यासमोर."

साहेब लाल झाले. "म्हणजे चोरी केलीत!"

"केली. करा तक्रार. पण लिहिताना नीट लिहा. डबी वर्षभर माझ्या गळ्यात होती. बाजारात कुठंही मिळते, ज्याला शिवायचंय त्यानं दुसरी आणून घातली असती, पण खाच रिकामीच होती, आत्ता तुम्ही बघितलीत. हिच्याशिवाय या मशीनवर एक टाका पडत नाही. मग ते शंभर फ्रॉक कशानं शिवले? लाळेनं चिकटवले?"

ड्रायव्हर तोंड फिरवून भिंतीकडे बघायला लागला. त्याचे खांदे हलत होते. साहेबांनी मोबाइल बघितला. तो अजून चालूच होता, आणि त्यात हे सगळं आवाजासकट गेलं होतं. घाईघाईनं त्यांनी बोटं फिरवली, आणि त्या घाईत काजवालीला पहिल्यांदाच नीट दिसलं की त्यांच्या अंगात तोच शर्ट होता. दुकानदारानं परत घेतला नसणार. बगलेत आवळलेला, डाव्या बाहीला चुण्या. पण शिलाई वर्षभर धुवून कुठं सुटली नव्हती. मोबाइल उंच धरताना त्यांचा हात पूर्ण वर जात नव्हता, एवढंच.

"साहेब, काढा फिल्म. मी हसते पण. पण मशीन इथून हलणार नाही."

"असं कसं? नियमाप्रमाणं..."

"नियमाप्रमाणं शंभर फ्रॉक दाखवा, आणि घेऊन जा."

मग साहेब कॉलर सैल करत म्हणाले, "राहू द्या इथं. सध्या. चित्रीकरणासाठी म्हणून."

"सध्या म्हणजे?"

"राहू द्या हो!"

फिल्म झाली. काजवाली शिवत राहिली. हसली नाही, आणि साहेबांनी हसा म्हणायची हिंमत केली नाही. निघताना सवयीनं त्यांचे दोन्ही हात वर आले. "तर ताईंच्या या यशासाठी एक..." आणि पुढचं तोंडातच राहिलं. ड्रायव्हर जीपकडे गेला होता. जाऊ दारात हाताची घडी घालून उभी. काजवाली मशीनचं चाक पुसत होती. खडीयंत्राच्या मुकादमाला उद्या काय निरोप द्यायचा, ते तिचं मनात ठरून झालं होतं.

तेवढ्यात खाटेवरून खणखणीत टाळीचा आवाज आला. साहेबांचा चेहरा उजळला, ते वळले.

सासूनं तळहात उघडून बघितला. "मेला एकदाचा," ती म्हणाली आणि चिरडलेला डास खाटेच्या पायाला पुसला.